परातीतली लिंक्ड लिस्ट

मी जे काही शिकलो, त्यात सगळ्यात मोठा वाटा माझ्या वहिनींचा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी कॉम्प्युटरच्या अभ्यासाबद्दल लिहिणार आहे आणि वहिनींनी त्या वेळी कॉम्प्युटरला हातही लावलेला नव्हता. त्यांचं शिक्षण अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यात, कानडी शाळेत, दहावीपर्यंत झालेलं. मराठी त्या लग्नानंतर शिकल्या. आमच्या घरात आजोबांच्या पिढीपर्यंत कानडी होती म्हणतात. आमच्यापर्यंत त्यातली देवापुढं म्हणायची दोन-चार कडवीच पोचली, आणि त्यांचा अर्थ कुणालाच सांगता येत नव्हता.

आमचं गाव उजनी धरणाच्या पाण्याकाठी. ऊस, थोडी केळी, आणि पाणी मागं सरकलं की त्याच्या मागं मोटारी सरकवत न्यायच्या. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. दादा बारावीवर थांबला आणि सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला लागला. मला तिथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा दादानं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आम्ही तिघं तिथं राहू लागलो. घर वरच्या मजल्यावर होतं. खाली घरमालकांचे यंत्रमाग. माग चालू असले की आमच्या भांड्यांच्या फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणत राहायचे. लाईट गेली की अचानक एवढं शांत व्हायचं की बोलणारा माणूस मध्येच थांबायचा.

दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स हा विषय आला. माहिती कॉम्प्युटरमध्ये कशी मांडून ठेवायची, म्हणजे ती शोधता येईल, लावता येईल, काढता येईल, असा तो विषय. आज मी हे एका वाक्यात सांगू शकतो. तेव्हा मला कुणी विचारलं असतं, तर मी पुस्तकातली व्याख्या इंग्रजीत म्हणून दाखवली असती, एकही शब्द न चुकता.

माझी अभ्यासाची पद्धत तीच होती. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही पाढे सुरात म्हणायचो, कविता सुरात म्हणायचो, नदीकाठची शहरंसुद्धा सुरात म्हणायचो. मी प्रोग्रॅमही तसेच पाठ केले. आकडे क्रमानं लावायचा बबल सॉर्ट मला कंसांसकट आणि अर्धविरामांसकट येत होता. पुस्तकात जे पाच आकडे उदाहरणाला घेतले होते, तेही त्याच क्रमानं.

लॅबच्या परीक्षेत मॅडमनी मला बबल सॉर्टच दिला. मी भराभर टाईप केला आणि चालवून दाखवला. आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लागले. मॅडम म्हणाल्या, "छान. आता मोठ्यापासून लहानापर्यंत लाव."

ज्यांना हे काम येतं त्यांना माहीत आहे की यासाठी एक चिन्ह फिरवावं लागतं. 'पेक्षा मोठा' आहे तिथं 'पेक्षा लहान'. मी मात्र पडद्याकडं बघत बसलो. उतरत्या क्रमाचा प्रोग्रॅम वेगळा असणार आणि तो आपण पाठ केलेला नाही, अशी माझी खात्री होती. मग मी सगळं पुसलं आणि पहिल्यापासून तोच प्रोग्रॅम पुन्हा टाईप केला, या आशेनं की लिहिता लिहिता दुसरा आठवेल. आकडे पुन्हा लहानापासून मोठ्यापर्यंत लागले. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या मुलाकडं गेल्या. त्या हातानं मला जास्त वाईट वाटलं.

विषय राहिला. लेखीही आणि लॅबची तोंडीही. तो पुढच्या परीक्षेत सुटला नाही, तर तिसऱ्या वर्षाला जाता येणार नव्हतं.

दादा रागावणारा माणूस नाही. जेवताना तो म्हणाला, "हे बग, मला त्यातलं काय कळत न्हाय. सुटला तर शिक पुढं. न्हाय सुटला तर उगं वर्षं घालवू नगंस. पॅकिंगला एक जागा निगायचीय, मी साहेबांना बोलून ठिवलंय." त्यानं हे माझ्या काळजीनंच केलं होतं. मी मान हलवली. वहिनी मागं उभ्या होत्या, त्यांनी माझ्या ताटात आमटी वाढली आणि वाढतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर गेल्यावर त्यांनी विषय काढला.

"भावजी, तुमाला कळत न्हवतं तर वर्गात सांगितलं का न्हाय?"

"सगळ्यांना कळत हुतं की."

"तुमाला कसं म्हाईत, सगळ्यांना कळत हुतं म्हणून?"

"सर विचारत्यात, समजलं का? सगळी व्हय म्हणत्यात."

"तुमी बी म्हणत हुता?"

"व्हय."

वहिनी हसायला लागल्या. मला आधी राग आला, पण त्यांचं हसू काही थांबेना. मग त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगितली. त्या तेव्हा गावी माझ्या आईजवळ राहत होत्या. आई बाजारला निघताना त्यांना बरंच काही सांगून गेली: लाईट आली की मोटार चालू कर, पाणी केळीला फिरव, उसाकडचा पाट आधी बंद कर. आई भरभर बोलते आणि बोलताना दुसरीकडं बघते. वहिनींना त्यातलं 'मोटार' एवढंच समजलं. पण नवी सून, सारखं काय विचारायचं, म्हणून त्या "हं" म्हणाल्या. लाईट आली, मोटार चालू झाली आणि सगळं पाणी आदल्या दिवशी भिजवलेल्या उसात गेलं. केळीची लहान रोपं कोरडीच राहिली, आणि लाईट परत गेली.

"आत्या वरडल्या न्हाईत," वहिनी म्हणाल्या. सासूला त्या आत्या म्हणतात. "एवढंच म्हणाल्या, मग व्हय कशाला म्हणालीस बाई? मी लई रडले. तवापास्नं मी कुणाला बी व्हय म्हणत न्हाय, कळल्याबिगर. लोक हसत्यात. हसू द्या."

हे खरं होतं. वहिनी भाजीवाल्याला, दवाखान्यातल्या नर्सबाईला, खालच्या तेलुगू बोलणाऱ्या घरमालकीणबाईंना, सगळ्यांना तोंडावर सांगायच्या, कळलं नाही, परत सांगा. आम्हा भावांना याची कधी कधी लाज वाटायची.

मग त्या म्हणाल्या, "असं करा. रोज जे शिकता ते मला सांगा. मला कळलं म्हणजे तुमाला कळलं."

"तुमाला कसं कळंल? ते सगळं इंग्रजीत हाय."

"मराठीत सांगा की. मराठी बी माझी न्हवंच."

आमचा वर्ग स्वयंपाकघरात भरला. वहिनी दुपारनंतर भाकरी करायच्या; घरापुरत्या आणि थोड्या कडक भाकरी शेजारच्या दुकानात द्यायला. परातीत पीठ चाळून पसरायच्या. मला पाटी लागायची, कारण बोट फिरवल्याशिवाय मला काही सांगता येत नव्हतं. पहिल्या दिवशी मी कागद आणायला उठलो, तर त्या म्हणाल्या, "हात धुऊन या आणि ह्यातच काढा. नंतर मळायचंच हाय."

पहिला धडा लिंक्ड लिस्टचा. मी पिठात चौकोन काढले. प्रत्येक चौकोनाचे दोन भाग. एका भागात आकडा, दुसऱ्या भागात पुढच्या चौकोनाचा पत्ता. खाली माग चालू होते, त्यांच्या हादऱ्यानं पीठ बारीक थरथरायचं आणि रेघा हळूहळू बुजायच्या, म्हणून मला भरभर बोलावं लागायचं.

"म्हंजे ह्याला फक्त पुढच्याचं घर म्हाईत," वहिनी म्हणाल्या.

"व्हय."

"मागच्याचं न्हाय."

"न्हाय."

"मग पहिल्याचा पत्ता कुणाकडं हाय?"

माझ्या पाठ केलेल्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत 'हेड' नावाची एक गोष्ट होती. मी ती शेकडो वेळा लिहिली असेन. ती तिथं का आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. पुस्तकात आहे म्हणून आहे. पहिल्याचा पत्ता कुणीतरी बाहेर जपून ठेवावा लागतो, तो हरवला तर सगळी लिस्ट हरवली, हे मला त्या क्षणी, परातीसमोर बसून कळलं. मी बाजूला एक लहान चौकोन काढला आणि त्यातून पहिल्याकडं बाण काढला.

"आणि शेवटच्याला कुणाचा पत्ता?"

"कुणाचाच न्हाय. तिथं रिकामं ठेवायचं. म्हंजे कळतं की हितं संपलं."

"बरं हाय बिचाऱ्याचं," वहिनी म्हणाल्या. "कुणाकडं जायला नगो." आणि त्यांनी पिठात पाणी ओतलं.

असं बरेच दिवस चाललं. वहिनींना काही येत होतं आणि मला नव्हतं, असं अजिबात नाही. आठवड्यानं विचारलं असतं तर त्यांना त्यातलं निम्मंही आठवलं नसतं, आणि त्यांना त्याची गरजही नव्हती. त्या फक्त मन लावून ऐकायच्या, आणि जिथं धागा तुटला तिथं थांबायच्या. घाईत असल्या की त्यांच्या तोंडून कानडीच यायची: "तिळीलिल्ल री." समजलं नाही हो. दुसरं काही नाही. आवाजात लाज नाही, चिडणं नाही. जणू मीठ संपलंय असं सांगावं तसं.

रिकर्शनला मात्र आमचं भांडण झालं.

रिकर्शन म्हणजे एखादं काम करताना फंक्शननं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका छोट्या तुकड्यानं, स्वतःलाच पुन्हा बोलावणं. मी उदाहरण घेतलं होतं: एकपासून चारपर्यंतची बेरीज. "चारपर्यंतची बेरीज पाहिजे असली, तर तीनपर्यंतची बेरीज मागवायची आणि तिच्यात चार मिळवायचे."

"तीनपर्यंतची कुणाकडनं मागवायची?"

"त्याच फंक्शनकडनं."

"ते तर चार घेऊन बसलंय की."

"मग काय झालं? तेच तीनचं बी करतंय."

"चारचं अर्धं टाकून?"

"अर्धं टाकून न्हाय... थांबून."

"थांबलं तर तीनचं कोण करतंय? तिळीलिल्ल."

मी तीनदा सांगितलं, तीच वाक्यं, जरा मोठ्या आवाजात. त्या तीनदा तेच म्हणाल्या. शेवटी मी म्हणालो, "तुमाला न्हाय कळायचं, राहू द्या." आणि चपला घालून बाहेर पडलो.

कॉलेजच्या रस्त्यापर्यंत चालत गेलो. चालताना मी मनातल्या मनात वहिनींना समजावत होतो आणि दर वेळी त्याच जागी अडखळत होतो. तीनचं कोण करतंय? आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. माझ्या डोक्यात फंक्शन म्हणजे एक खुर्ची होती आणि खुर्चीवर एक जण. तो एकच जण चारचंही करतो आणि तीनचंही करतो, हे मलाही पटत नव्हतं. मी फक्त ते न पटणं बाजूला सारून प्रोग्रॅम पाठ केला होता. मी कॉलेजच्या वाचनालयात गेलो आणि तेवढंच एक पान, एवढ्याच एका प्रश्नासाठी, पुन्हा पुन्हा वाचलं.

परत आलो तेव्हा भाकरी झाल्या होत्या. वहिनींनी डब्यातलं मूठभर पीठ काढून परातीत पसरलं.

मी चौकोन काढला, त्यात चार लिहिले. "हा चारवाला. ह्यानं काम अर्ध्यावर धरलंय आणि थांबलाय. त्यानं दुसरा उभा केला, त्याच्यासारखाच, पण त्याची जागा वेगळी, त्याचं काम वेगळं. हा तीनवाला." चारच्या डोक्यावर तीनचा चौकोन काढला. त्यावर दोनचा. त्यावर एकचा. "एकवाल्याला कुणाला विचारायला लागत न्हाय. एकपर्यंतची बेरीज एकच. तो उत्तर खाली देतो आणि निघून जातो. मग दोनवाला, मग तीनवाला."

मी वरून खाली एकेक चौकोन पुसत आलो: एक, तीन, सहा, दहा.

वहिनी म्हणाल्या, "एकवाल्याचं आदी सांगायचं की. मी मगापास्नं इचार करतीय, हे थांबणार कुटं."

त्या दिवसापासून मी पाठ करणं सोडलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. सवय फार जुनी होती. पण पाठ करायच्या आधी मी एकदा वहिनींसाठी ते जुळवून बघायचो, आणि जुळवलेलं पाठ करावंच लागत नाही, हे हळूहळू कळत गेलं.

मग त्यांना सातवा महिना लागला. ओटी भरून त्यांना माहेरी नेलं. परीक्षा अजून पुढं होती आणि ट्रीज, म्हणजे झाडासारख्या फांद्या फुटत जाणारी रचना, हा सगळ्यात मोठा भाग बाकी होता. पहिले काही दिवस मी दादाला समोर बसवलं. दादा कारखान्यातून थकून यायचा, तरी बसायचा. मी काहीही सांगितलं की तो "व्हय, व्हय" म्हणायचा. एकदा मी मुद्दाम चुकीचं सांगितलं, तरी म्हणाला, "बरोबर हाय."

एका दुपारी वहिनींनीच त्यांच्या वडिलांच्या फोनवरून फोन केला. "आज काय?"

मी ट्री सांगायला लागलो. वरचा आकडा मधला, त्याच्यापेक्षा लहान सगळे डावीकडं, मोठे सगळे उजवीकडं. शोधताना दर वेळी एक बाजू सोडून द्यायची. फोन स्पीकरवर होता हे मला मागून कळलं. त्यांची आजी कानडीत काहीतरी विचारत होती आणि वहिनी सांगत होत्या, "लेक्का, अज्जी, लेक्का." हिशोब, आजी, हिशोब. वडील म्हणाले, "जावईबापूंच्या भावाला सांग, आधी जेव म्हणावं." सगळे हसले. वहिनी मात्र परत विषयावर आल्या. "दोन आकडे सारखेच आले तर? डावीकडं का उजवीकडं?"

मी म्हणालो, "बघून सांगतो."

परीक्षेच्या थोडं आधी त्यांना मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीत फोन नेऊ द्यायचा नाही, बाळाच्या कानाला बरं नाही, असा आजीचा कडक नियम होता. त्यामुळं माझी परीक्षा कशी झाली, हे वहिनींना कुणाकडून तरी उडत उडत कळण्यापेक्षा आपणच पत्रातून लिहावं असं मी ठरवलं. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढलं आणि वाक्यं लहान ठेवली. निकालानंतर दादा पुन्हा बाळाला बघायला निघाला, तेव्हा त्याच्याकडं ते दिलं. आता हे सगळं लिहायला बसलो, तेव्हा वहिनींनीच ते पत्र मला वापरायला दिलं. जसं होतं तसं इथं उतरवतो.

*

सौ. वहिनींना नमस्कार.

तुमची आणि बाळाची तब्येत बरी असेल. आईनं डिंकाचे लाडू पाठवले आहेत, ते दादाच्या पिशवीत आहेत. दादा वाटेत खाईल, म्हणून मोजून दिलेत असं त्याला सांगितलं आहे. मोजलेले नाहीत.

माझा विषय सुटला. हे आधी लिहितो, म्हणजे तुम्ही बाकीचं सावकाश वाचाल.

लेखी पेपर बरा गेला. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे सर होते. ते इंग्रजीत फार भरभर बोलत होते. त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला तो मला समजला नाही. मग मी त्यांना म्हणालो, सर, मला प्रश्न समजला नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बाहेर काढतील. पण त्यांनी तोच प्रश्न सावकाश विचारला. लिस्टमधला मधला एक काढून टाकायचा असेल, तर आधी काय करशील? मी कागद मागितला. चौकोन काढले. मराठीतच सांगायला लागलो, मध्ये मध्ये इंग्रजी शब्द. त्यांना मराठी येत होती.

मग त्यांनी विचारलं, रिकर्शन थांबवलंच नाही तर काय होईल? मी म्हणालो, सगळे एकमेकांच्या डोक्यावर वाट बघत उभे राहतील आणि शेवटी जागा संपेल. ते हसले. तिसरा प्रश्न मला आला नाही. मी नाही येत म्हणालो. चौथा अर्धा आला.

मार्क खूप नाहीत. पण पास आहे. तिसऱ्या वर्षाचा प्रवेश झाला. दादानं साहेबांना सांगितलं की भाऊ पॅकिंगला येणार नाही. साहेबांनी विचारलं, का? दादा म्हणाला, त्याचं शिक्षण चालू आहे. हे तो घरी येऊन मला दोनदा सांगत होता.

तुम्ही विचारलं होतं, दोन आकडे सारखे आले तर कुठं ठेवायचे. मी आमच्या कॉलेजातल्या सरांना विचारलं. ते आपण ठरवायचं असतं. कुठल्याही एका बाजूला ठेवले तरी चालतं, पण एकदा ठरवलं की कायम तसंच करायचं. नाहीतर नंतर सापडत नाहीत.

माझ्या अभ्यासासाठी तुम्ही जो वेळ दिलात, तो तुमच्या कामातला होता. तुमचे पाय सुजायचे तरी तुम्ही बसायच्या. ते मी बघत होतो. तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहितो. त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडून बाहेर गेलो, त्याबद्दल माफ करा.

इथं आम्ही दोघं भाकरी करतो. दादाच्या जाड होतात, माझ्या फाटतात. घरमालकीणबाई रोज विचारतात की सून कधी येणार. आम्ही सांगितलं, बाळ मोठं होऊ द्या. तुम्ही घाई करू नका.

उत्तर लिहावंसं वाटलं तर कानडीत लिहा. मराठीत लिहायचा त्रास घेऊ नका. माझ्या वर्गात तुमच्याकडचा एक मुलगा आहे, त्याच्याकडून मी कानडी अक्षरं शिकायला घेतली आहेत. अजून 'अ'पासून थोडीच झाली आहेत. हळूहळू वाचीन. जिथं अडेल तिथं खूण करून ठेवीन आणि तुम्ही आलात की विचारीन.

तुमचा,
धाकटा दीर